नाव भुकेचे, काम जागरणाचे

"मामा, मासा झोपतो का?" असे मी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या पाळीवर एका म्हाताऱ्या ढिवराला विचारले होते. डिसेंबर होता. सकाळचे सात वाजले असतील. त्यांनी डोंगा काठाला लावला होता आणि जाळ्यातली मासळी ॲल्युमिनियमच्या गंजात ओतत होते. तळाशी दोन मागूर वळवळत होते. चिखलाच्या रंगाचे गुळगुळीत अंग, तोंडाभोवती आठ मिशा, आणि पाणी जेमतेम चार बोटे असूनही बेफिकीर, कारण मागूर वर येऊन हवेचाही श्वास घेतो.

माझा प्रश्न त्यांना वेडगळ वाटला नाही. "झोपते ना जी," ते म्हणाले. "रातच्याला कंदील धरून पाहा. काठाकाठानं मासोळी उभी राहते, बोट लावंपर्यंत हालत नाही. बोट लागलं का सटकली. हा मागूर मातर उलटा. दिवसा गाळात, रातच्याला फिरते."

झोपेची व्याख्या करताना शास्त्रज्ञ ज्या कसोट्या लावतात, त्यांतल्या तीन या दोन वाक्यांत आल्या होत्या. प्राणी निश्चल होतो, एरवी ज्या चाहुलीने दचकला असता तिने दचकत नाही, आणि तरीही जोराने हलवले तर क्षणात जागा होतो. मूर्च्छा आणि मरण यांपासून झोप वेगळी पडते ती या तिसऱ्या गोष्टीने. चौथी कसोटी प्रयोगशाळेतली आहे. झोपू दिले नाही तर प्राणी दुसऱ्या दिवशी ती तूट भरून काढतो का? मासे काढतात. फळमाशी काढते, हे २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. एक मिलिमीटर लांबीचा, जेमतेम ३०२ चेतापेशींचा गोलकृमीसुद्धा झोपतो.

मग दिवसभर धावणाऱ्या जिवाला "आता पुरे" असे आतून सांगते कोण? आणि मागूर जेव्हा गाळातून निघतो, तेव्हा त्याला "ऊठ" म्हणणारे कोण? उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण त्याचा मोठा भाग पेप्टाइड या नावाच्या छोट्या रेणूंकडे जातो. या प्रकरणात मला त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्यासारखी आहे, कारण झोपेच्या शोधात निघालेल्यांना बहुतेक वेळा भलतेच सापडले, आणि भलत्याच कामाला निघालेल्यांच्या हाती झोप लागली.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. अमिनो आम्ले हे वीस प्रकारचे मणी समजा. ते एका दोऱ्यात ओवले की माळ होते. माळ शेकडो मण्यांची असली तर तिला प्रथिन म्हणतात. दोन-चारपासून चाळीस-पन्नास मण्यांपर्यंतची असली तर पेप्टाइड. मधुमेही माणसे टोचून घेतात ते इन्शुलिन ५१ मण्यांचे, म्हणजे या सीमेवरचे. शरीर आधी एक लांब माळ ओवते आणि मग ठरावीक जागी कात्री लावून तिचे कामाचे तुकडे करते. झोपेच्या संदर्भात ज्याचे नाव घरोघरी पोचले आहे ते मेलाटोनिन मात्र पेप्टाइड नाही. ते एकाच अमिनो आम्लापासून घडवलेला वेगळ्या जातीचा रेणू आहे, म्हणून इथे त्याला बाजूला ठेवतो.

हे रेणू निरोप कसा पोचवतात, ते धानाच्या शेतातून समजून घेता येते. रोवणीच्या दिवसांत एक बाई परह्याची जुडी शेजारणीच्या हातात देते. मेंदूतले नेहमीचे चेतारसायन असे काम करते. या पेशीकडून लगतच्या त्या पेशीकडे, क्षणात, आणि दुसऱ्या कुणाकडे नाही. संप्रेरकाचे काम तलावाच्या पाटासारखे. दार उघडले की पाणी लांबच्या गावापर्यंत जाते आणि ज्याच्या शेताला तोंड आहे त्याला मिळते. मेंदूतली पेप्टाइडे या दोहोंच्या मधली. भरलेल्या बांधीतून पाणी जसे धुऱ्याखालून झिरपत शेजारच्या चार बांध्या ओल्या करते, तशी ती एका जागी सुटतात, आजूबाजूला पसरतात आणि मिनिटे, कधी तासभर परिणाम टिकवतात. झोप आणि जाग या क्षणाच्या गोष्टी नाहीत, साऱ्या मेंदूचा नूर बदलणाऱ्या आहेत. अशा कामाला झिरपणारा निरोपच हवा.

झोप आणणारे काहीतरी अंगात साठत असावे, हा विचार जुना आहे. जपानमध्ये नागोया इथे कुनिओमी इशिमोरी यांनी १९०९ साली, आणि फ्रान्समध्ये रने लजांद्र आणि आंरी पिएरों यांनी त्याच सुमारास, एकमेकांची खबर नसताना सारखाच प्रयोग केला. कुत्र्यांना कित्येक दिवस जागे ठेवायचे, मग त्यांच्या मेंदूतला अर्क किंवा मेंदूभोवतीचा द्रव काढून ताज्यातवान्या कुत्र्याला टोचायचा. ताजे कुत्रे झोपी गेले. पदार्थ कोणता, हे ओळखण्याची साधने तेव्हा नव्हती. प्रयोग तसाच पडून राहिला.

साठ वर्षांनी हार्वर्डच्या जॉन पापेनहायमर यांनी तो पुन्हा उचलला, आणि त्यांनी घेतल्या शेळ्या. दोन-तीन दिवस जागरण झालेल्या शेळ्यांच्या मेंदूभोवतीचा द्रव मांजरांना आणि उंदरांना दिला की ती सुस्तावत. १९६७ साली हे प्रसिद्ध झाले. त्या अनामिक पदार्थाला 'एस घटक' असे नाव मिळाले. तो शुद्ध रूपात मिळवायला पुढची पंधरा वर्षे लागली, कारण मेंदूत तो इतका अल्प होता की शेवटी संशोधकांना मानवी मूत्राकडे वळावे लागले. हजारो लिटर मूत्र गाळून हाती लागले ते मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके. १९८२ साली त्याची रचना कळली, आणि सगळे चक्रावले. ते म्युरामिल पेप्टाइड होते. त्यातला म्युरामिक आम्लाचा भाग कुठल्याही प्राण्याची पेशी बनवत नाही. तो बनवतात जिवाणू, स्वतःच्या भिंतीसाठी. ज्याला शेळीच्या मेंदूने घडवलेले झोपेचे औषध समजले, तो जिवाणूंच्या पडक्या भिंतीचा तुकडा निघाला.

हा शोध फसला असे मी म्हणणार नाही. उलट एक दार उघडले. शरीराची संरक्षक यंत्रणा जिवाणूंचे अवशेष ओळखते, काही निरोप सोडते, आणि तेच निरोप ताप चढवतात आणि झोपही आणतात. तापाने फणफणलेले पोर दोन दिवस झोपून काढते, आजारी बैल चारा सोडून गोठ्यात बसून राहतो, ते अशक्तपणामुळे असे आपण समजतो. पण ही झोप शरीराने स्वतः मागवलेली असते. फिलाडेल्फियात अमिता सेहगल यांच्या गटाने २०१९ साली फळमाशीत एक पेप्टाइड शोधले. ते जिवाणूंना मारते आणि माशीला झोपवतेही. संसर्ग झालेल्या माश्यांत ते वाढवले तर त्या जास्त झोपल्या आणि जास्त जगल्या. त्याचे नाव ठेवले 'नेमुरी', जपानी भाषेत झोप.

सरळ झोपेच्याच नावाने निघालेले एक पेप्टाइडही आहे. बाझलमध्ये मार्सेल मोनिये यांनी सशांच्या मेंदूतला ठरावीक भाग विजेने चेतवून त्यांना झोपवले, मेंदूकडून परतणारे रक्त गोळा केले आणि त्यातून गुइडो शोननबर्गर यांच्यासोबत नऊ मण्यांची एक माळ वेगळी काढली. १९७७ साली तिचा क्रम प्रसिद्ध झाला. गाढ झोपेत मेंदूतून येणाऱ्या मंद लहरींना डेल्टा म्हणतात, म्हणून नाव 'डेल्टा निद्राप्रेरक पेप्टाइड'. नाव इतके नेमके की पुढचे सारे सोपे व्हायला हवे होते. झाले उलट. काही प्रयोगांत प्राणी झोपले, काहींत नाही. ही माळ ओवण्याची आज्ञा देणारा जनुक आजवर सापडलेला नाही. तरीही परदेशी दुकानांतून ती 'संशोधनासाठी' अशा चिठ्ठीखाली कुपीत विकली जाते आणि माणसे ती टोचून घेतात. झोपेचे औषध म्हणून तिला मान्यता नाही. कुपीवरचे नाव वाचून कुणी मोहात पडू नये, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट.

१९९८ साल. सॅन दिएगोजवळ लुईस द लेसेआ आणि ग्रेगर सटक्लिफ, आणि डॅलसमध्ये ताकेशी साकुराई आणि मासाशी यानागिसावा, असे दोन गट काही आठवड्यांच्या अंतराने एकाच जागी पोचले. मेंदूच्या तळाशी, तहान-भूक-ताप सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. त्याच्या दोन्ही कडांना काही पेशी एक नवी पेप्टाइडजोडी तयार करतात, एक ३३ मण्यांची, दुसरी २८ मण्यांची. ती उंदरांच्या मेंदूत सोडली तर उंदीर जास्त खात. म्हणून डॅलसवाल्यांनी ग्रीक भाषेतल्या भुकेच्या शब्दावरून तिला 'ओरेक्झिन' म्हटले. दुसऱ्या गटाने नाव दिले 'हायपोक्रेटिन'. आजही दोन्ही चालतात.

भुकेचे पेप्टाइड सापडले म्हटल्यावर यानागिसावांच्या प्रयोगशाळेने पुढचे रीतसर पाऊल उचलले. ओरेक्झिनचा जनुकच नाही असे उंदीर जन्माला घातले. ते कमी खातील, वाळतील अशी अपेक्षा. दिवसा काही वेगळे दिसेना. पण उंदीर रात्रीचा प्राणी, त्याचे खरे आयुष्य अंधारात. म्हणून अवरक्त कॅमेरा लावून रात्रीचे चित्रण केले. त्यात दिसले की पिंजऱ्यात हुंदडणारा उंदीर मध्येच कोसळतो, मिनिटभर निपचित पडतो आणि काही झालेच नाही अशा थाटात उठून पुन्हा धावू लागतो. आधी वाटले फीट असेल. मेंदूच्या लहरी तपासल्या तेव्हा कळले की धावता धावता तो थेट स्वप्ननिद्रेसारख्या अवस्थेत पडतो आहे.

त्याच वेळी स्टॅनफर्डमध्ये इमॅन्युएल मिन्यो दहा वर्षे डोबरमन कुत्र्यांच्या मागे लागले होते. त्या कुत्र्यांना नार्कोलेप्सी होती, म्हणजे अनावर झोपेचा आजार, पिढीजात. त्याचे सर्वांत विलक्षण लक्षण आनंदाच्या क्षणी दिसते. तपासण्याची रीतही तशीच होती. जमिनीवर खाऊचे बारा तुकडे मांडायचे आणि कुत्र्याला सोडायचे. निरोगी कुत्रा काही सेकंदांत सगळे फस्त करतो. आजारी कुत्रा शेपटी हलवत पहिल्या तुकड्यापाशी येतो, तोंडात घेतो, आणि त्या सुखाने त्याचे मागचे पाय गळतात. तो बसतो, आडवा होतो. डोळे उघडे, सारे कळते आहे, पण अंगात त्राण नाही. मग उठतो, दुसऱ्या तुकड्याकडे जातो आणि पुन्हा तेच. १९९९ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही गटांचे निष्कर्ष एकाच महिन्यात बाहेर आले. कुत्र्यांत ओरेक्झिन होते, पण ते ज्या कुलपात बसायचे ते कुलूप जनुकातल्या बिघाडाने मोडलेले होते. उंदरात किल्ली नाही, कुत्र्यात कुलूप नाही. आजार एकच.

पुढच्याच वर्षी माणसाचे कळले. नार्कोलेप्सीच्या नऊ रुग्णांच्या मेंदूभोवतीचा द्रव तपासला, सात जणांत ओरेक्झिन सापडलेच नाही. माणसाच्या मेंदूत या पेशी सुमारे सत्तर हजार असतात. ८,६०० कोटी चेतापेशींच्या मेंदूत ही संख्या नगण्यच म्हणायची. पण नार्कोलेप्सीच्या रुग्णांत त्यांतल्या दहातल्या नऊ मेलेल्या होत्या, आणि तेवढ्याने माणूस जेवताना, बोलताना, हसताना कोसळत होता. वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, 'अंगात आले' म्हणून कुणाला देवऋषाकडे नेतो. त्यांतल्या एखाद्याच्या मेंदूत या पेशी उरल्या नसतील, हे लक्षात ठेवायला हवे. उलट्या बाजूने, ज्यांना झोप येत नाही त्यांच्यात ओरेक्झिनचे कुलूप तात्पुरते बंद करणारी गोळी २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती मेंदूला गुंगी देत नाही, जागरणाचा पहारा उठवते.

मग भुकेचे काय झाले? ओरेक्झिन हे नाव चुकले का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दोन गरजा एका दमात सांगितल्या आहेत. मेंदूतही त्या शेजारीच राहतात. ओरेक्झिन बनवणाऱ्या पेशींना रक्तातली साखर चाखता येते. साखर वाढली की त्या मंदावतात, घटली की चेततात. रिकाम्या जठरातून निघणारे घ्रेलिन त्यांना उठवते, चरबीतून निघणारे लेप्टिन त्यांना बसवते. ही दोन्हीही संप्रेरकेच. २००३ साली जपानी संशोधकांनी उंदरांना उपाशी ठेवून पाहिले. साधे उंदीर झोप सोडून अन्न धुंडाळू लागले. ज्यांच्यात या पेशी नव्हत्या ते उपाशीपोटीही नेहमीसारखे झोपले. रानात असा प्राणी टिकणार नाही. नागझिऱ्यात शिकार हुकलेला वाघ, मोहाच्या झाडाखाली पहाटेपर्यंत फुले वेचणारे अस्वल, दोघांनाही पोट रिकामे असताना जागे राहावेच लागते. भूक ही जागे राहण्याचे सर्वांत जुने कारण आहे. अन्न शोधायचे तर आधी डोळे उघडे हवेत.

आता पुन्हा त्या गंजातल्या माशाकडे येऊ. ओरेक्झिन माशांत आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणारा पट्टेरी झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला आहे, कारण त्याचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते आणि जिवंत मेंदू बाहेरून दिसतो. त्या पिल्लाच्या मेंदूत ओरेक्झिनच्या पेशी अवघ्या वीसच्या आसपास. २००६ साली डेव्हिड प्रोबर आणि सहकाऱ्यांनी या पिल्लांत ते पेप्टाइड गरजेपेक्षा जास्त तयार करवले. पिल्लांची झोप उडाली.

निसर्गाने हाच प्रयोग मेक्सिकोतल्या गुहांत करून ठेवला आहे. तिथे एकाच जातीचे मासे नदीतही आहेत आणि काळोख्या गुहांतल्या पाण्यातही. गुहेतले आंधळे झाले, रंग गेला आणि झोपही गेली. नदीतल्या भावंडांच्या तुलनेत ते फारच थोडे झोपतात. गुहेत अन्न वटवाघळांच्या विष्ठेतून किंवा पुराच्या पाण्यातून, कधी येईल त्याचा नेम नाही. झोपलेल्याचा घास चुकतो. २०१८ साली कळले की या माशांच्या मेंदूत ओरेक्झिन वाढलेले आहे. ते दाबले तर ते पुन्हा झोपू लागतात.

मागूर या गोष्टीत नागपुरातून येतो. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मेंदूतल्या पेप्टाइडांवर काम केले, आणि त्यासाठी ज्या प्राण्यांकडे ते वळले त्यांत आपल्या तळ्यातला हा मागूर होता. २००७ साली त्यांनी मागुराच्या मेंदूत 'कार्ट' नावाचे पेप्टाइड कुठे कुठे आहे याचा सविस्तर नकाशा छापला. पद्धत कष्टाची असते. मेंदूचे केसाहून पातळ काप करायचे, त्यांवर फक्त त्या पेप्टाइडलाच चिकटेल असे प्रतिद्रव्य घालायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कापात रंगलेल्या पेशी आणि त्यांचे तंतू नोंदत जायचे. नाकाकडच्या टोकापासून मज्जारज्जूपर्यंत. तीन वर्षांनी त्यांनी मादीच्या प्रजननाच्या ऋतूंप्रमाणे कार्टमध्ये होणारे बदल मांडले. पुढे मागुराच्याच आफ्रिकी भावंडात उपास, साखर, इन्शुलिन आणि लेप्टिन यांना या पेशी कसा प्रतिसाद देतात ते पाहिले गेले. पुन्हा भूक.

'कार्ट' या नावाचा अर्थ आहे कोकेन आणि अँफेटामिनने वाढणारा संदेश. १९९५ साली उंदरांना ही नशेची द्रव्ये दिल्यावर मेंदूत काय वाढते ते शोधताना तो सापडला, म्हणून असे नाव. त्याचा पहिला परिणाम जो कळला तो भूक मारण्याचा. २०१० साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या गटाने ते उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा उंदीर तासन्‌तास जागे राहिले. मागुरात ते जागरणाशी कसे जोडलेले आहे, हे काम कुणीतरी तरुण हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते. मासा इथलाच, रात्री फिरणारा, पकडायला सोपा, हवेत तग धरणारा. आणि मेंदूचा नकाशा शेजारच्याच गावात तयार आहे.

रंगाच्या नावाने सापडलेली दोन पेप्टाइडे तर मला सर्वांत आवडतात. १९८३ साली जपानमध्ये सामन माशाच्या मस्तिष्क-ग्रंथीतून १७ मण्यांचे एक संप्रेरक निघाले. ते माशाच्या कातडीतले काळे कण एकवटते, मासा फिकट दिसतो. आपल्यात त्याचे १९ मण्यांचे रूप आहे, पण आपण काही त्याने गोरे होत नाही. ते बनवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्ये ओरेक्झिनच्या पेशींच्या खांद्याला खांदा लावून आहेत, आणि त्यांचा पहारा बरोबर उलटा. ओरेक्झिनच्या पेशी जागेपणी बोलतात, या स्वप्ननिद्रेत. दुसरे पेप्टाइड खेकड्याच्या जातीतले, रंगाचे कण पसरवणारे. तेच फळमाशीच्या मेंदूत घड्याळाच्या पेशींचा निरोप आहे आणि पहाटे तिला उठवते.

एक पेप्टाइड डुकराच्या आतड्यातून १९७० साली निघाले, रक्तवाहिन्या फुलवणारे. त्याचे संक्षिप्त नाव 'व्हीआयपी'. आपल्या मेंदूतल्या दैनंदिन घड्याळाच्या वीस हजार पेशी एका तालात ठेवण्याचे काम तेच करते. ते नसलेल्या उंदरांना रात्र-दिवसाचे भान राहत नाही. पक्ष्यांत त्याला आणखी एक काम आहे. ते प्रोलॅक्टिन स्रवायला लावते आणि कोंबडी खुडूक होते, अंड्यांवरून उठत नाही. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत जुलै-ऑगस्टला सारसाचे घरटे होते, पाण्यात गवताकाडीचा ढीग रचून. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. नर आणि मादी पाळीपाळीने अंडी उबवतात. एक बसतो, दुसरा चरतो, आणि रात्री बसलेल्याच्या जवळ उथळ पाण्यात उभा असतो. सारसाचा मेंदू कुणी चिरू नये, पण कोंबडीत आणि टर्कीत जे दिसले ते पाहता त्या बैठकीमागेही या आतड्यातल्या पेप्टाइडचा हात असणार.

सगळेच पेप्टाइडांच्या खात्यावर टाकता येत नाही, हेही सांगायला हवे. हिवाळ्यात नवेगावबांधच्या पाण्यावर बदकांचे थवे दुपारी विसावलेले असतात, माना पंखात खुपसून. दुर्बिणीतून थव्याच्या कडेचे बदक पाहा. त्याचा थव्याकडचा डोळा मिटलेला आणि बाहेरचा उघडा दिसेल. १९९९ साली मॅलार्ड बदकांवर हे मोजले गेले. कडेचे पक्षी मधल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ असे एका डोळ्याने झोपतात, आणि उघड्या डोळ्याशी जोडलेला अर्धा मेंदू तेवढा वेळ जागा असतो. झिरपणारा निरोप अर्ध्याच मेंदूला कसा भिजवतो? इथे पेप्टाइडांबरोबर चेतातंतूंची थेट जोडणी आणि मेंदूच्या भागांचा आपापला थकवा धरावा लागतो. मारुती चितमपल्ली या जंगलात वनाधिकारी असताना याच पाण्याकाठी पक्षी पाहत राहिले. दुर्बीण तशीच, पाणी तेच. पाहण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे.

२०२२ साली या जिल्ह्यात एक नवा जागणारा प्राणी आला. गडचिरोलीकडून रानहत्तींचा कळप अर्जुनी मोरगाव तालुक्यात उतरला. इथल्या कुणाच्या आज्यानेही रानहत्ती पाहिला नव्हता. हत्ती फार थोडा झोपतो. बोत्स्वानात दोन हत्तिणींच्या सोंडेत हालचाल मोजणारे यंत्र बसवून २०१७ साली निष्कर्ष काढला, दिवसाकाठी सरासरी दोन तास. काही वेळा तर त्या ४६ तास सलग जाग्या होत्या. एवढ्या मोठ्या देहाला गवतपाल्यावर जगायचे तर उरलेला बहुतेक वेळ चरण्यात जातो. असाच सतत चरणाऱ्या जिराफाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ओरेक्झिनच्या पेशी मोजल्या गेल्या आहेत, सुमारे पंधरा हजार, आणि त्यांत छोट्या पेशींचा एक वेगळाच पुंजका आहे जो उंदरात नाही. अखंड चरण्याशी त्याचा संबंध असावा, असा तो मोजणाऱ्यांचा तर्क आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी धान पोटरीतून बाहेर येऊन लोंबी भरलेली असते. त्या दिवसांत मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी एका शेतकऱ्यासोबत मचाणावर रात्र काढली. खाली त्याच्या बैलजोडीपैकी एक बैल बसून रवंथ करत होता. दुसरा उभा. डबे वाजवून, टॉर्च मारून मंडळी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हाकारे देत होती. दीड-दोनच्या सुमारास नाल्याच्या पलीकडून बांबू मोडल्याचा आवाज आला. बैलाने रवंथ थांबवली आणि कान त्या दिशेला वळवले. शेतकरी उठून बसला. तो मला हळूच म्हणाला, "दुपारपासून काही खाल्लं नाही जी, म्हणून झोप नाही लागली, बरंच झालं."

३३ मण्यांचे ओरेक्झिन माणसात आणि गाईबैलांत एकाही मण्याचा फरक नसलेले, अगदी तेच आहे. शेतकऱ्याने शिदोरी सोडली, भाकरीचा एक तुकडा मला दिला, आणि बांबूचा आवाज जिकडून आला तिकडे टॉर्च धरून आम्ही बसून राहिलो.